झटपट कौल

कमळाकर गुरवांच्या घरातला आवाज कुणालाच ऐकू येत नसे, आणि त्यांचं खरं दुखणं तेच होतं. ऐकू आला असता तर चार माणसं बोलावून ऐकवता आला असता. पण हा आवाज कानाच्या वाटेने येतच नव्हता. तो फरशीतून चढायचा, खुर्चीच्या पायांतून वर यायचा आणि बेंबीच्या मागे ठाण मांडून बसायचा. चहाच्या कपात गोल गोल रिंगणं उठायची. फळीवरची लोणच्याची बरणी सकाळी भिंतीला टेकलेली असायची, ती दुपारपर्यंत कडेला येऊन खाली डोकवायची. डब्यातलं पीठ इतकं खाली बसायचं, की वाण्याने मापात मारलं म्हणून कमळाकर एकदा त्याच्याशी भांडूनही आले होते.

आवाज यायचा खालच्या गाळ्यातून. विचुंब्यातली 'एकवीरा कृपा' ही बिल्डिंग ज्या जमिनीवर उभी होती ती गोरख भोईरच्या वडिलांची. जमिनीच्या बदल्यात बिल्डरने गोरखला तळमजल्यावरचा गाळा दिला आणि त्यात गोरखने 'गोरख साउंड' थाटलं. हळदी, साखरपुडे, बारशी, क्रिकेटचे सामने, जिथे म्हणून माणसं नाचायला तयार असतील तिथे गोरखचे खोके जायचे. एकेक खोका लोखंडी कपाटाएवढा. ऑर्डर नसली की ते गाळ्यात उभे असायचे, आणि गाळ्याच्या बरोब्बर डोक्यावर कमळाकरांचा वन बीएचके होता.

"काका, आमी वाजवत नाय," गोरख हात जोडून सांगायचा. "आमी चेक करतो."

"काल पण चेकच करत होतास."

"कालचं कालच्या ऑर्डरीचं. आजचं आजच्या."

"अरे, पण माझ्या पोटात गोळा येतो!"

"येतो ना?" गोरखचा चेहरा खुलायचा. "तो बेस हाय काका. बेस कानाला नसतोच, तो पोटातच लागला पायजे. म्हंजे मशीन बरोबर हाय."

गोरख उर्मट असता तर कडाकडा भांडता आलं असतं. पण पाण्याचा टँकर आला की तो काकींचा हंडा आधी भरून वर आणून ठेवायचा. सणासुदीला ताटभर मासळी नाहीतर खीर, जे असेल ते पाठवायचा. अशा माणसाचा राग धड करताही येत नाही.

बिल्डिंगमधले लोक उलट कमळाकरांनाच हसायचे. "तळोज्याच्या कारखान्यात जन्म काढलात बॉयलरपाशी, आणि आता एवढ्याशा आवाजाला भिता?" कमळाकर चिडून म्हणायचे, "तिथे आवाज ऐकायचा पगार मिळत होता!" पण हे त्यांचं वरवरचं उत्तर. खरं उत्तर असं, की ते घर त्यांचं स्वतःचं होतं. सगळी नोकरी त्यांनी भाड्याच्या खोल्यांत काढली. प्रत्येक घरमालकाने पहिल्याच दिवशी बजावलेलं असायचं, भिंतीला खिळा मारायचा नाही. त्यामुळे या घराची किल्ली हातात आली त्या दिवशी कमळाकरांनी हातोडी घेतली आणि काहीही कारण नसताना चारही भिंतींना खिळे ठोकले. त्यातल्या निम्म्या खिळ्यांवर अजून काही टांगलेलं नव्हतं. पण संध्याकाळी खुर्चीत बसून त्या रिकाम्या खिळ्यांकडे बघताना त्यांना जे सुख व्हायचं, ते दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. आणि नेमकं त्याच वेळी खालून धम्म व्हायचं.

शेवटी त्यांनी तक्रार केली. एक हवालदार आले. त्यांनी भिंतीला कान लावला, खिडकीला लावला, फरशीवर ओणवे होऊन फरशीलाही लावला.

"काही ऐकू येत नाही साहेब."

"कानाने नाही येणार. तुम्ही या खुर्चीत बसा."

हवालदार बसले. टोपी मांडीवर घेतली. थोडा वेळ गेला आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटू लागलं. कमळाकर आशेने पुढे वाकले. हवालदारांनी डोळे मिटले, एक दीर्घ ढेकर दिला आणि समाधानाने डोळे उघडले.

"कालपासून अडकला होता," ते म्हणाले. "मोकळं झालं बघा. याच्यावर तक्रार काय लिहू? उपकार झाले म्हणून लिहू?" त्यानंतर बाहेरचं खाल्लं की ते अधूनमधून येऊन त्या खुर्चीत बसून जायचे. चंद्रावती त्यांना कोकम सरबत द्यायची.

चंद्रावती म्हणजे कमळाकरांची बायको. आणि आता तिचं आणि तिच्या देवीचं सांगायला हवं, कारण गोष्ट खरी तिथेच आहे.

चंद्रावतीचे वडील संगमेश्वराकडच्या एका गावात सोमजाईच्या देवळाचे गुरव होते. पूजा त्यांची आणि कौल लावायचा मानही त्यांचा. गावात काहीही ठरवायचं असो, मुलीचं लग्न, विहिरीची जागा, भावाभावांची वाटणी, लोक देवळात यायचे. गुरव फुलाच्या दोन पाकळ्या ओल्या करून देवीच्या दोन खांद्यांना चिकटवायचे आणि गाऱ्हाणं घालायचे. उजवी पाकळी आधी पडली की देवीचा होकार, डावी पडली की नकार. सोमजाईला घाई ठाऊक नव्हती. तिच्या मनात यायला कधी कधी अर्धा दिवस लागायचा. लोक भाकऱ्या बांधून यायचे आणि सभामंडपात आडवे व्हायचे. कमळाकरही जातीचे गुरवच, पण त्यांचा देवळाशी संबंध आडनावापुरता.

वडील गेल्यावर देवीचा एक छोटा पितळी मुखवटा चंद्रावतीने माहेरहून आणला. निवृत्त झालो की आपण गावी जाऊ, असं कमळाकरांनी तिला लग्नापासून सांगितलेलं होतं. प्रत्यक्षात निवृत्तीच्या वर्षी त्यांनी परस्पर हा फ्लॅट घेतला आणि किल्ली आणून तिच्या हातावर ठेवली. म्हणाले, "बघ!"

चंद्रावतीने किल्ली बघितली. मग म्हणाली, "देवीला विचारू. ती इथे राहा म्हणाली तर राहू. नाही म्हणाली तर हे विकायचं आणि गावी जायचं."

कमळाकरांनी देवीसमोर हात जोडून कबूल केलं. शब्दाला जागणारा माणूस होता, आणि त्यामुळेच घर हातचं जाणार अशी त्यांना भीती वाटू लागली.

चंद्रावतीने स्वयंपाकघरातल्या कडप्प्यावर मुखवटा मांडला, त्याच्या दोन गालांना झेंडूच्या दोन पाकळ्या चिकटवल्या आणि विचारलं. गाऱ्हाणं संपायच्या आत उजवी पाकळी टपकन खाली आली. कमळाकरांना इतका आनंद झाला, की त्यांनी आणखी एक खिळा ठोकला.

पण चंद्रावती काही पुरती राजी झाली नाही. दर दसऱ्याला पुन्हा विचारायचं, असं तिने ठरवलं. शिवाय माहेरचं दगडी जातं तिने गोणपाटात बांधून खाटेखाली ठेवलं होतं, ते तिने सोडलं नाही. "जातं मांडलं की घर मांडलं," तिची आई म्हणायची. "पाहुण्याच्या घरी कुणी जातं मांडत नाही." पीठ गिरणीतून यायचं आणि जातं खाटेखाली गुमान बसून असायचं. केर काढताना कमळाकरांचा झाडू त्या गोणपाटाला लागला की त्यांच्या काळजात कळ यायची. दर दसऱ्याला उजवी पाकळी पडायची, दर वर्षी घर वाचायचं आणि जातं मात्र बांधलेलंच राहायचं.

देवीच्या या चपळाईची कीर्ती लपून राहण्यासारखी नव्हती. वरच्या मजल्यावरची वेणू एकदा मुलीच्या स्थळाचं विचारून गेली. मग तिची नणंद हौसा आली, मग हौसेच्या ओळखीच्या बायका. उभ्या उभ्या विचारायचं, पाकळी पडायची, हळदकुंकू घेऊन चालू लागायचं. डाळ गॅसवर ठेवून आलेली बाई शिट्टी व्हायच्या आत परत जायची. समोरच्या हव्वाबी दारात उभ्या राहून कौतुकाने म्हणायच्या, "भाभी, आमच्यात हे चालत नाय, पण बोलल्याशिवाय रहावत नाय. तुमची देवी म्हणजे मोबाईल हाय. इकडे बटण, तिकडे जवाब."

आणि जवाब नेहमी एकच, होकार. वेणूच्या मुलीला सांगून आलेलं पहिलं स्थळ देवीला पसंत पडलं, दुसरंही पसंत पडलं, एकमेकांवर जळणारी दोन्ही घरं पसंत पडली. तेव्हाच कुणालातरी शंका यायला हवी होती. पण होकार देणाऱ्या देवावर कोण शंका घेतो?

असं सगळं चाललेलं असताना श्रावणात कमळाकरांकडे सत्यनारायण झाला. गोरख तीर्थप्रसादाला वर आला. जागा नव्हती म्हणून कमळाकरांनी त्याला आपल्या खुर्चीत बसवलं. खाली गाळ्यात त्याचा भागीदार चेकिंग करत होता. गोरख प्रसादाचा द्रोण हातात घेऊन बसला, आणि बसल्या बसल्या त्याचा रंग उडाला. शिरा द्रोणातल्या द्रोणात सरकत होता. आपल्या खोक्यांच्या समोर तो हजारदा उभा राहिला होता, नाचला होता. त्यांच्या डोक्यावर बसायची पाळी त्याच्यावर कधी आली नव्हती.

"काका," तो पोट धरून म्हणाला, "ह्ये तर लय बेकार हाय."

"अरे, तेच तर मी सांगतोय!"

"तुमी सांगत होता, पन मला वाटलं तुमी तारीफ करताव." गोरखने खाली वाकून कमळाकरांच्या पायांना हात लावला. "माफी करा काका. आमच्या मामाची शेड हाय उरणच्या रोडला. सगला माल उद्याच तिकडं टाकतो."

आणि तो बोलल्याप्रमाणे वागला. दुसऱ्या दिवशी टेम्पो लागला, खोके गेले. गाळ्यात एक टेबल, एक पंखा आणि ऑर्डर घ्यायला बसलेला गोरख एवढंच उरलं.

कमळाकर खुर्चीत बसले. चहा कपात निवांत पडला होता. बरणी भिंतीला टेकून होती. बेंबीच्या मागे कुणीही नव्हतं. इतकी वर्षं लढून आपण जिंकलो, या विचाराने त्यांचे डोळे भरून आले. हवालदार मात्र आले, बसले, बराच वेळ वाट बघून हिरमुसले आणि सोडा प्यायला निघून गेले.

हे सुख गौरीगणपतीपर्यंत टिकलं. मग एका सकाळी वेणू तिसऱ्या स्थळाचं विचारायला आली. चंद्रावतीने पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. पाकळ्या हलल्या नाहीत. वेणू उभी राहिली, मग पाटावर बसली, मग घरी जाऊन कुकर लावून आली. पाकळ्या जागच्या जागी.

"अगबाई, देवी रागावली की काय?" वेणू म्हणाली.

"विचार करत असेल," चंद्रावती शांतपणे म्हणाली. "स्थळं थोडी का झाली?"

कमळाकर दारातून बघत होते. त्यांनी मुखवट्याकडे बघितलं. मुखवट्याखालच्या कडप्प्याकडे बघितलं. मिस्त्रीने तो उजवीकडे उतरता बसवला होता. घर घेतलं तेव्हापासून तिथे सांडलेलं पाणी उजवीकडेच वाहायचं. मग त्यांनी फरशीकडे बघितलं, फरशीखालच्या रिकाम्या गाळ्याचा विचार केला, आणि त्यांना दरदरून घाम फुटला.

देवी बोलत नव्हती. इतकी वर्षं गोरख बोलत होता.

ज्या आवाजाला त्यांनी शिव्या घातल्या, ज्याच्यासाठी हवालदार बोलावले, त्या आवाजाने दर दसऱ्याला त्यांचं घर वाचवलं होतं. आणि तो त्यांनी स्वतःच्या हाताने घालवला होता. आता दसरा तोंडावर आला होता. शांत घरात देवीला खरोखरच विचारलं जाणार होतं, आणि चंद्रावतीच्या माहेरची देवी चंद्रावतीच्या मनासारखं बोलणार नाही तर काय कमळाकरांच्या? ते रिकाम्या खिळ्यांकडे बघत राहिले. आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, असं त्यांना वाटलं, आणि ते खरंच होतं.

दोन दिवस तळमळून ते गाळ्यात उतरले.

"गोरख, ते खोके परत आण."

गोरखने कानातून वायर काढली. "काय बोलताव काका?"

"सगळे नको. एक आण. तो पोटात लागणारा."

"काका, तुमची तब्येत बरी हाय ना? काकीला बोलवू?"

"काकीला नको!" कमळाकर ओरडले, मग आवाज खाली आणून म्हणाले, "दसऱ्याच्या सकाळी फक्त थोडा वेळ. मी मिस्ड कॉल दिला की चालू करायचा. कारण विचारू नकोस. माझ्या घराचा प्रश्न आहे."

गोरखला काही कळलं नाही. पण म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांत पाणी दिसल्यावर तो कारण विचारणाऱ्यांतला नव्हता. "नवरात्रीला सगला माल गरब्याला हाय. दसऱ्याच्या सकालीच टेम्पो इकडं आनतो. एक काय, मोठा जोड लावतो. टेन्शन घेवू नका."

दसरा उजाडला. दाराला तोरण लागलं, गोरखचा टेम्पो खाली येऊन थांबला. कमळाकर आंघोळ करून, धोतर नेसून, सदऱ्याच्या खिशात मोबाईल घेऊन देवीसमोर उभे राहिले. त्यांचा एक हात जोडलेला आणि दुसरा खिशात होता. चंद्रावतीने तसं का म्हणून विचारलं नाही. तिने मुखवटा पुसला, पाकळ्या लावल्या, त्या बोटाने नीट दाबल्या, आणि डोळे मिटून म्हणाली, "आई सोमजाई, इथे राहायचं का गावी जायचं, तूच काय ते सांग."

कमळाकरांनी खिशातलं बटण दाबलं.

खालून जे आलं, ते आजवर कधी आलं नव्हतं. गोरखने शब्दाप्रमाणे मोठा जोड लावला होता. समईची ज्योत आडवी झाली. भांडी मांडणीत नाचू लागली. लोणच्याची बरणी धावत फळीच्या टोकाला आली आणि कमळाकरांनी ती एका हाताने झेलली. कॅलेंडर पडलं. रिकाम्या खिळ्यांपैकी एक भिंतीतून निखळला आणि टण्णकन फरशीवर आपटला. देवीचा मुखवटा थरथरत थरथरत गोल फिरला आणि खिडकीबाहेर बघू लागला. आणि एवढं सगळं होऊन दोन्ही पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत.

कमळाकर बरणी छातीशी धरून पाकळ्यांकडे बघत होते. असं होऊच शकत नव्हतं.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. कमळाकरांना कमी ऐकू येतं म्हणून त्या फोनचा आवाज सगळ्यात मोठा ठेवलेला होता. त्यांनी तो बंद करायला म्हणून बोट लावलं आणि भलतंच बटण दाबलं गेलं. गोरखचा आवाज घरभर घुमला.

"काका, लागतं का पोटात? का आजून वाढवू?"

चंद्रावतीने डोळे उघडले. हात पुढे केला. कमळाकरांनी मुकाट्याने फोन तिच्या हातात दिला.

"गोरख, बास रे आता," ती म्हणाली. "बंद कर. आणि सोनं द्यायला ये संध्याकाळी."

आवाज थांबला. भांडी हळूहळू गप्प झाली. चंद्रावतीने मुखवटा पुन्हा समोर वळवला.

"पडायच्या नाहीत त्या," ती म्हणाली. "खळ लावलीय मी. कालच करून ठेवली होती."

"खळ?"

"देवीला या वर्षी सुट्टी दिली. तिला तरी किती छळायचं?" ती पाटावर बसली. "अहो, मी गुरवाची मुलगी. पाकळी वाऱ्याने पडते का उंदराने पडते का देवीने पाडली, हे मला कळत नाही? कौल लावताना बाबा देवळाची दारं लावून घ्यायचे, ढोल खाली ठेवायला लावायचे. पहिल्या वर्षीच कळलं मला, हे खालच्या खोक्यांचं काम आहे म्हणून."

कमळाकर मटकन खुर्चीत बसले. बरणी अजून हातातच होती. "मग इतकी वर्षं विचारत का होतीस?"

"मी कुठे विचारत होते? मी वाट बघत होते." चंद्रावतीचा आवाज बदलला. "तुम्ही घर ठरवलंत, घेतलंत, किल्ली आणून हातावर ठेवलीत आणि म्हणालात, बघ. मी काय बघायचं? रागाने बोलून गेले, देवीला विचारू. मला वाटलं, तुम्ही म्हणाल, अगं देवीला कशाला, तूच सांग की तुला काय हवंय. तर तुम्ही हात जोडून उभे! दर दसऱ्याला वाटायचं, या वर्षी विचारतील. तुम्ही देवीला विचारलंत, हवालदाराला विचारलंत, शेवटी त्या गोरखला जाऊन विचारलंत. मला तेवढं एकदाही विचारलं नाहीत."

कमळाकरांना लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त वाईट वाटत होतं. हे इतकं सोपं होतं आणि आपल्याला ते सुचलं नाही, याचं वाईट वाटत होतं. त्यांनी बरणी खाली ठेवली. दोन्ही हात मोकळे झाले तेव्हा ते आपोआप जोडले गेले.

"चंद्रा," ते म्हणाले, "तुला काय हवंय? इथे राहायचं का गावी जायचं? तू म्हणशील तसं. घर विकायचं तर विकू."

चंद्रावतीने त्यांच्याकडे नीट बघितलं. मग उठली, पदर खोचला आणि ओट्याकडे वळली.

"सांगते," ती म्हणाली. "थांबा."

कमळाकर थांबले. तिने पुरण वाटलं, ते थांबले. तिने कटाला फोडणी दिली, ते थांबले. वेणू आपट्याची पानं मागायला आली, तिला त्यांनी ओठांवर बोट ठेवून खुणेनेच परत पाठवलं. हव्वाबींनी दारातून विचारलं, "भाईसाब, असे काय बसलाव?" तर ते हळूच म्हणाले, "कौल लागायचाय." जेवणं झाली. चंद्रावतीने भांडी घासली, ओटा पुसला, चटईवर जरा आडवी झाली. कमळाकर देवळातल्या माणसासारखे भिंतीला टेकून बसून राहिले. त्यांना एवढंच कळत होतं, की इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच नीट कौल घेत होते.

ऊन कलल्यावर चंद्रावती उठली.

"खाटेखालचं पोतं ओढा."

कमळाकरांना वाटलं, संपलं. जातं निघालं म्हणजे गाव. ते गुडघ्यावर बसले, पोतं ओढलं आणि ते दाराकडे सरकवू लागले.

"तिकडे कुठे?" चंद्रावती म्हणाली. "इकडे आणा. खिडकीखाली, उजेडात."

तिने गोणपाट सोडलं. खालची तळी मांडली, वर फिरणारी पेड ठेवली, खुंटा ठोकला. गोणपाटातच गुंडाळून ठेवलेलं सूप काढलं, झटकलं आणि भिंतीवरच्या एका रिकाम्या खिळ्याला टांगलं. कमळाकर त्या खिळ्याकडे बघत राहिले. त्यांना हुंदका आला आणि त्यांनी तो लपवला नाही.

"रडता काय? गावी आहे कोण आता? बाबा गेले, तुमच्या घराला कुलूप," ती म्हणाली. तिचेही डोळे कोरडे नव्हते. "शिमग्याला मात्र गावी जायचं, दोघांनी. ते तुम्ही विचारायचं नाही, मी सांगायचं."

"बरं," कमळाकर म्हणाले.

"बसा समोर. एकटीने ओढवत नाही आता हे."

ते समोर बसले. तिने नाचणीची मूठ घातली. दोघांनी खुंटा धरला. इतकी वर्षं बांधून पडलेलं जातं आधी कुरकुरलं, मग घरघरू लागलं, आणि त्याची घरघर फरशीत उतरली. फळीवरच्या कपात पाण्याची रिंगणं उठली. बरणी इंचभर पुढे सरकली. ते दोघं मात्र खुंट्याकडे बघत होते.

थोड्या वेळाने दारात गोरख उभा राहिला. हातात सोन्याची पानं, दुसरा हात पोटावर.

"काका, काय चालू हाय वर?" तो कळवळून म्हणाला. "खाली टेबलावर बसलोय, तर पोटात निस्ता गोला येतोय."

कमळाकरांनी चंद्रावतीकडे बघितलं, आणि खुंटा न सोडता म्हणाले,

"वाजवत नाही रे. चेक करतोय."